अर्धी पट्टी, अर्धा आकडा

आमच्या सास्तुरात वय विचारलं तर सन कुणी सांगत नाही, भूकंप सांगतात. "भूकंपात थोरला तिसरीत होता." पुढचं गणित ऐकणाऱ्यानं घालायचं. ३० सप्टेंबर १९९३ ला ज्याचं पोरगं तिसरीत, तो तेव्हा तिशीच्या अलीकडेपलीकडे, म्हणजे आज साठी ओलांडलेला. मेडिकलच्या काउंटरवर पीएसएचा रिपोर्ट पुढ्यात आला की मी आधी हे गणित घालतो. रिपोर्टवर वयाच्या रकान्यात अंदाजानं ६० किंवा ६५ टाकलेलं असतं आणि शेजारी सगळ्यांना एकच मर्यादा छापलेली असते, ० ते ४. भूकंपाच्याच वर्षी ऑस्टरलिंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पुरुषांच्या रक्तावरून वयानुसार वेगळ्या मर्यादा मांडल्या होत्या. चाळीस ते पन्नासला २.५, पन्नास ते साठला ३.५, साठ ते सत्तरला ४.५, त्यापुढं ६.५. त्या काही सगळीकडं चालल्या नाहीत. पण वय वाढतं तशी प्रोस्टेटची ग्रंथी वाढते आणि ग्रंथीबरोबर आकडा चढतो, याबद्दल वाद नाही.

*

पीएसए म्हटलं की लोक कॅन्सरच म्हणतात. "कॅन्सरची तपासणी केली, चार पॉइंट आठ आली."

पीएसए हे एक विकर आहे, एन्झाइम. वीर्य बाहेर पडल्यावर लगेच घट्ट होतं आणि थोड्या वेळानं पुन्हा पातळ होतं. घट्ट करणारं जाळं सेमिनोजेलिन नावाच्या प्रथिनाचं असतं, आणि ते कापणारी कात्री म्हणजे पीएसए. शुक्रजंतूंना हलायला वाट करून देणं, एवढंच तिचं काम. ती आतल्या आत चालू नये म्हणून प्रोस्टेटमधलं जस्त तिला आवरून धरतं. वीर्य गोठताना सेमिनोजेलिन ते जस्त स्वतःकडं ओढून घेतं आणि कात्री मोकळी होते. कॅन्सरचा या सगळ्याशी काही संबंध नाही.

वीर्यात पीएसए मिलिग्रॅममध्ये मोजतात, रक्तात नॅनोग्रॅममध्ये. दहा लाख पटींचा फरक. रक्तात सापडतं ते झिरपलेलं. ग्रंथीतल्या बारीक वाहिन्यांच्या भिंती धड असतील तर झिरपणं थोडं. ग्रंथी मोठी झाली, सुजली, लघवी तुंबली, नळी टाकावी लागली की ते वाढतं. कॅन्सरमध्ये भिंतीच विस्कटतात. कॅन्सरची पेशी नेहमीच्या पेशीपेक्षा जास्त पीएसए बनवते असंही नाही, बहुधा कमीच बनवते. पण जे बनवते त्यातलं बरंच रक्तात सोडते.

म्हणून नळी टाकली त्याच आठवड्यात पीएसए काढून आणलेला रिपोर्ट बघून घरच्यांनी रडारड सुरू करू नये. पाच-सहा आठवडे जाऊ द्यावेत आणि पुन्हा काढावा.

*

सोयाबीनची रास होईपर्यंत इकडं दुखणी अंगावर काढतात. रास झाली की दवाखान्यांत गर्दी. अशाच दिवसांत एक आबा कॅरीबॅग घेऊन आले आणि ती काउंटरवर पालथी केली. बीपीची गोळी, शुगरची, ॲसिडिटीची, कॅल्शियमची, आणि कात्रीनं कापलेला पट्टीचा एक तुकडा. चार गोळ्या शिल्लक. मागच्या चंदेरी कागदावर नाव अर्धंच, शेवटचं 'राइड' एवढं वाचता येत होतं, आणि पुढं '५ एमजी'.

"आबा, ही कशाची?"

"लघवीची हाय. उमरग्याला दिल्याली. दोन वर्सं झाली. बंद करू नगा म्हन्ले."

मग कोपरीच्या खिशातून चार घड्या घातलेला रिपोर्ट निघाला. पीएसए ३.१. "नॉर्मल हाय म्हणं."

'राइड' आणि ५ एमजी, म्हणजे फिनास्टेराइड. ड्युटास्टेराइडच्या शेवटीही तीच अक्षरं येतात, पण ती ०.५ ची असते आणि बहुतेक वेळा कॅप्सूलमध्ये. फिनास्टेराइडवर सहा महिने ते वर्ष काढलेल्या माणसाचं पीएसए साधारण निम्म्यावर येतं. तेव्हा डॉक्टर आकडा दुपटीनं वाचतात. आबांचा ३.१ हा ६.२ म्हणून वाचायचा. त्यावरून कॅन्सर आहे असं ठरत नाही. पण 'नॉर्मल' म्हणून घडी घालून खिशात ठेवायचाही हा आकडा नव्हे.

रिपोर्टवर गोळीचं नाव नव्हतं आणि पट्टीवर ते अर्धं होतं. लॅबवाल्यानं विचारलं नाही, आबांना सांगता आलं नसतं. मी रिपोर्टच्याच कागदावर पेनानं लिहून दिलं, 'फिनास्टेराइड ५, दोन वर्षांपासून', आणि म्हटलं, डॉक्टरला आधी ह्ये दावा, मग आकडा.

पट्टी कापताना नाव आणि मुदतीची तारीख कुठल्या तुकड्यावर राहते हे बघायला एक क्षण पुरतो. आमच्या धंद्यात तेवढाही फार थोड्यांना असतो.

*

निम्मं का होतं?

टेस्टोस्टेरॉन वृषणात तयार होतं आणि रक्तातून प्रोस्टेटमध्ये येतं. तिथं फाइव्ह-अल्फा रिडक्टेज नावाचं विकर त्याच्यावर हायड्रोजनचे दोन अणू चढवतं. तयार होतं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, डीएचटी. प्रोस्टेटमध्ये खरा अंमल याचा. पेशीत पुरुषी संप्रेरकाला धरणारं जे प्रथिन असतं, त्याला डीएचटी टेस्टोस्टेरॉनपेक्षा घट्ट चिकटतं आणि लवकर सुटत नाही. ही जोडी पेशीच्या केंद्रकात शिरते आणि डीएनएवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसते. १९ व्या गुणसूत्रावर केएलके३ नावाचं जनुक आहे, त्याच्या अलीकडं अशा जागा आहेत. जोडी तिथं बसली की जनुक वाचलं जातं आणि पेशी पीएसए बनवू लागते. जोडी नसली तर जनुक जवळजवळ गप्प.

म्हणजे यात दोन विकरं आहेत. पहिलं संप्रेरकाला जोर देतं, आणि जोर आलेलं संप्रेरक दुसरं बनवून घेतं. फिनास्टेराइड अडवतं ते पहिल्याला. प्रोस्टेटमधलं डीएचटी त्यानं ८० ते ९० टक्के उतरतं. आता हिशेब बघा. ग्रंथी आकसते ती पाव हिश्श्यानं, फार तर थोडी जास्त. आकडा मात्र निम्मा होतो. नुसती ग्रंथी लहान झाली म्हणून आकडा उतरला असता तर दोन्ही सारखे उतरले असते. उरलेल्या पेशीसुद्धा पूर्वीएवढं पीएसए बनवत नाहीत, कारण वरून येणारा हुकूमच मंदावलेला असतो.

मला या सगळ्यात हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पीएसएच्या आकड्यात ग्रंथी किती मोठी आहे ते असतं, भिंती किती गळतात ते असतं आणि संप्रेरकाचा हुकूम किती चालतो तेही असतं. रिपोर्टवर मात्र तिन्हींची बेरीज एकाच रकान्यात येते.

*

लघवीची दुसरी गोळी, टॅम्सुलोसिन, वेगळी. ती मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करते, संप्रेरकाला हात लावत नाही. त्यामुळं धार चारसहा दिवसांत सुधारते आणि पीएसए जागच्या जागी राहतं. फिनास्टेराइडला गुण यायला सहा महिने लागतात. पहिल्या पंधरवड्यात काही फरक नाही म्हणून कितीतरी लोक ती सोडून देतात. दोन्ही औषधं एकाच गोळीत किंवा कॅप्सूलमध्ये घातलेलीही मिळतात, आणि गावात सगळ्यांचं नाव एकच, 'लघवीची गोळी'. मोठ्या ग्रंथीला जोडीचा उपयोग जास्त. २००३ मध्ये अमेरिकेत ३०४७ पुरुषांवरच्या अभ्यासात टॅम्सुलोसिनच्याच जातीचं डॉक्साझोसिन आणि फिनास्टेराइड एकत्र दिल्यावर दुखणं पुढं सरकण्याचा धोका ६६ टक्क्यांनी कमी झाला होता.

टॅम्सुलोसिनवाल्यांनी रात्री खाटेवरून एकदम उठू नये. बसावं, मग उभं राहावं.

*

डीएचटी हे नाव जन्माला येण्याच्या फार आधी लोकांना यातलं काही दिसलं होतं. जॉन हंटर यांनी अठराव्या शतकात लिहून ठेवलं की खच्ची केलेल्या जनावरांत ही ग्रंथी लहानच राहते. देवणी गाईगुरांच्या या मुलखात वळू आणि बैल यांतला फरक पोराटोरांना कळतो, वशिंडापासून हंबरण्यापर्यंत. ग्रंथीतला फरक आत असतो म्हणून दिसत नाही, एवढंच.

१८९५ मध्ये फिलाडेल्फियाच्या जे. विल्यम व्हाइट यांनी लघवी तुंबलेल्या म्हाताऱ्यांचे वृषण काढून टाकल्याच्या शंभरावर केसेस छापल्या. बहुतेकांची ग्रंथी आकसली असा दावा होता. मेलेही पुष्कळ. पुढं तो उपाय मागं पडला, बरं झालं.

चीनमध्ये १९८७ मध्ये राजवाड्यातल्या २६ वृद्ध षंढ सेवकांची तपासणी प्रसिद्ध झाली. लहानपणी किंवा तरुणपणीच वृषण काढलेली माणसं. त्यांपैकी २१ जणांची प्रोस्टेट बोटाला लागलीच नाही.

*

चार्ल्स हगिन्स. शिकागो, १९४१. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेल्या रुग्णांचे वृषण काढले किंवा त्यांना स्त्रीसंप्रेरक दिलं, आणि रक्तातलं ॲसिड फॉस्फेटेज मोजलं. पीएसएचा तेव्हा पत्ता नव्हता. ॲसिड फॉस्फेटेज हे प्रोस्टेटमधलं दुसरं विकर. ते प्रोस्टेटमध्ये भरपूर असतं हे १९३५ मध्ये जर्मनीत कुट्शर आणि वोल्बर्ग्स यांनी दाखवलं होतं. हगिन्सच्या रुग्णांत संप्रेरक तोडलं की आकडा उतरायचा, टेस्टोस्टेरॉन टोचलं की चढायचा. पुरुषी संप्रेरकाचा प्रोस्टेटच्या विकरावर हात असतो हे माणसाच्या रक्तात असं आकड्यानं दिसलं. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, पंचवीस वर्षांनी.

त्याआधी ते कुत्र्यांवर काम करत होते. ते सोयीचं होतं, कारण माणसाखेरीज म्हातारपणी आपोआप प्रोस्टेट वाढणारं जनावर म्हणजे मुख्यतः कुत्राच. कुत्र्यात पीएसए नसतं. त्याच घराण्यातलं, प्रथिनं कापणारंच एक विकर असतं, आर्जिनिन एस्टरेज. तेही पुरुषी संप्रेरकावर चालतं आणि ग्रंथी वाढली की रक्तात वाढतं. शहरातले पशुवैद्य आता त्यावरून कुत्र्याची प्रोस्टेट ओळखतात. आपल्या शेताच्या राखणदाराची लघवी अडली तर ते कुणाच्या ध्यानात येणार, हा वेगळा प्रश्न.

*

काही आबा हे दुखणं मिशीला ताव देत सांगतात. मर्दानगी जास्त, म्हणून गाठ मोठी. यांना सांगायला एक चांगली गोष्ट आहे.

एके काळी शास्त्रज्ञांचाही समज साधारण असाच होता. वाढलेल्या प्रोस्टेटमधलं डीएचटी मोजलं तेव्हा ते साध्या प्रोस्टेटच्या तीनचार पट भरलं. झालं, कारण सापडलं. जास्त संप्रेरक, मोठी ग्रंथी. १९८३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या पॅट्रिक वॉल्श आणि सहकाऱ्यांनी विचारलं की हे तुकडे आले कुठून? वाढलेल्या ग्रंथीचे तुकडे ऑपरेशनच्या टेबलावरून ताजे आलेले होते. साध्या ग्रंथीचे तुकडे मात्र शवविच्छेदनातले. साध्या ग्रंथीचं ऑपरेशन कोण कशाला करील? माणूस गेल्यानंतरही पेशींतली विकरं काही वेळ काम करत राहतात आणि डीएचटी मोडत राहतात. मोजायला घेईपर्यंत ते उतरलेलं. वॉल्श यांनी दुसऱ्या कारणासाठी झालेल्या ऑपरेशनांतून साध्या प्रोस्टेटचे ताजे तुकडे मिळवले. दोन्हींतलं डीएचटी सारखं निघालं.

म्हणजे संप्रेरक नसेल तर ग्रंथी वाढत नाही, हे खरं. संप्रेरक जास्त झालं म्हणून वाढते, हे खरं नाही. म्हातारपणी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हळूहळू उतरतं, पण प्रोस्टेट आपल्यापुरतं डीएचटी बनवून टिकवून धरते. पेशीतल्या धरणाऱ्या जागा एकदा भरल्या की वरून आणखी ओतून फार फरक पडत नाही.

मिशीवाले आबा हे ऐकून जरा नाराज होतात.

*

डोमिनिकन रिपब्लिकमधलं सालिनास हे एक खेडं. तिथं काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसायची, मुली म्हणून वाढायची, आणि बाराव्या वर्षाच्या सुमाराला आवाज फुटून, अंग भरून मुलगे व्हायची. १९७४ मध्ये ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी कारण मांडलं. या घराण्यांत फाइव्ह-अल्फा रिडक्टेज जन्मतःच अधू. टेस्टोस्टेरॉन पुरेसं, डीएचटी अगदी थोडं. गर्भात मुलाची बाहेरची इंद्रियं घडायला डीएचटी लागतं, म्हणून ती तेव्हा नीट घडली नाहीत. आणि मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट चिमुकली राहायची. औषध कंपनीनं यावरून धागा पकडला. निसर्गानं जे विकर अधू केलं तेच गोळीनं अडवायचं. फिनास्टेराइडला अमेरिकेत १९९२ मध्ये परवानगी मिळाली.

खेड्यानं जगाच्या वैद्यकाला काही दिलं म्हटलं की आपल्या जिल्ह्याची आठवण होते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्हीची एकच तपासणी केली तरी मृत्यू निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाला कळलं ते तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांमुळं. तीस ते एकोणसाठ वयाच्या. मुंबईचं टाटा आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. पुरुषांच्या पीएसएबद्दलची भांडणं युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांवर चालतात आणि अजून मिटलेली नाहीत. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासतात, प्रोस्टेट नाही. मला ते बरोबर वाटतं. शिबिरात रांगेनं बसवून सगळ्यांचं पीएसए काढणं मला पटत नाही. ज्याला त्रास आहे, ज्याच्या बापाला किंवा भावाला हा कॅन्सर झालाय, त्यानं डॉक्टरशी बोलून काढावं. बाकीच्यांच्या हातात नुसता आकडा देऊन त्यांना लातूर-सोलापूरच्या एसटीत बसवायचं, यात भलं लॅबचं.

*

परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावरची संस्था आहे, जुनं नाव इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन. तिथं ए. आर. शेठ, सीमा गर्दे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०-९० च्या दशकांत प्रोस्टेटच्या स्रावांवर बरंच काम केलं. पीएसए, ॲसिड फॉस्फेटेज आणि प्रोस्टेटमधलंच तिसरं एक छोटं प्रथिन, ज्याला ते प्रोस्टॅटिक इन्हिबिन म्हणत, यांची निर्मिती संप्रेरकांनी कशी बदलते हा त्यांचा एक विषय होता. म्हणजे या लिखाणाचाच. मुंबईत हे झालंय हे आपल्याकडं फार्मसीच्या पोरांना कुणी सांगत नाही. त्यांना हगिन्स पाठ असतो, परळ माहीत नसतं.

*

सराटा. बांधावर, पाणंदीत पसरलेला, पिवळ्या फुलांचा. अनवाणी चालणाऱ्याला तो ओळखून घ्यावा लागत नाही. हाच गोखरू. आयुर्वेदात लघवीच्या तक्रारींवर पूर्वापार आहे, आणि सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या बारा प्रकारांत वाताष्ठीला सांगितलीय, गुद आणि बस्ती यांच्या मध्ये दगडासारखी गाठ येऊन लघवी अडते ती. जागा तर बरोबर आहे.

मजा आजच्या बाजाराची. काउंटरच्या एका बाजूला गोखरूची पावडर आबांना प्रोस्टेट 'उतरवायला' जाते. दुसऱ्या बाजूला त्याच सराट्याचा अर्क, डब्यावर दंड फुगवलेला बाप्या, जिमच्या पोरांना टेस्टोस्टेरॉन 'चढवायला' जातो. एकच काटा बापाचं संप्रेरक उतरवतो आणि लेकाचं चढवतो. तरुण पुरुषांवर नीट करून बघितलं तेव्हा टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसलं नाही. वैद्यांचा गोखरू लघवीसाठी होता, संप्रेरकासाठी नव्हता. त्यांच्या गळ्यात हे दुसरं काम बाजारानं घातलं.

अमेरिकेत या जागी सॉ पाल्मेटो आहे, एका बुटक्या ताडाच्या फळाचा अर्क. २०११ च्या एका चाचणीत तिप्पट डोसापर्यंत देऊन बघितलं. नुसत्या खोट्या गोळीपेक्षा जास्त गुण आला नाही. पीएसएही हललं नाही.

सोयाबीनचंही लोक विचारतात, कुठल्याशा व्हिडिओत ऐकून. सोयाबीन खाल्लं की प्रोस्टेट आकसते का? आपल्याकडं सोयाबीन पेरतात सगळे. खाताना मी कुणाला बघितलेलं नाही. ते लातूरच्या आडतीला जातं.

*

थंडीत एक गोष्ट हमखास घडते. सर्दी झाली, दुकानातून नुसतं नाव सांगून सर्दीची गोळी नेली, रात्री घेतली आणि पहाटे लघवी बंद. ओटीपोट ताठ, माणूस कासावीस. नाक मोकळं करणारं औषध मूत्राशयाचं तोंड आवळतं, झोप आणणारं औषध मूत्राशयाचा जोर काढून घेतं. मोठ्या प्रोस्टेटच्या माणसाला दोन्ही एका गोळीत मिळतात. साठीच्या पुढचा माणूस सर्दीची गोळी मागायला आला की 'धार कशी आहे?' हे विचारावं. पोरं हसतात, हसू द्यावं.

*

"दुर्बिणीनं ऑपरेशन केलंय, आता प्रोस्टेट न्हाईच." हा समज फार पक्का. दुर्बिणीच्या ऑपरेशनात लघवीच्या वाटेभोवतीचा वाढलेला भाग खरवडून काढतात. बाहेरची साल राहते, आणि कॅन्सर बहुतेक करून त्या सालीतच होतो. सालीतल्या पेशी संप्रेरकाचं ऐकतच असतात, पीएसए बनवतच असतात. म्हणून ऑपरेशननंतर आकडा उतरतो, शून्य होत नाही. कुणाचा उतरून पुन्हा चढायला लागला तर तो बघायला हवा.

*

गावातली पोरं पुण्याला कंपनीत लागलीत. पंचविशीतच केस विरळ. सुट्टीला आली की चिठ्ठी घेऊन येतात, फिनास्टेराइड १ एमजी. तेच औषध, पाचवा हिस्सा. १९९७ पासून टकलावर दिलं जातं, कारण डोक्याच्या कातडीतही डीएचटीच केस बारीक करतं. एका घरात बाप ५ ची घेतो आणि लेक १ ची, आणि दोघांना एकमेकांचं माहीत नाही. लेकाच्या वयाला पीएसए कुणी काढत नाही, पण गोळी पंचेचाळिशीपर्यंत चालू ठेवली आणि तेव्हा काढलं तर १ च्या गोळीनंही आकडा चाळीस-पन्नास टक्के उतरलेला असतो. केसांची गोळी ही कुणाला गोळीच वाटत नाही. 'काही औषध चालू आहे का?' असं विचारलं तर उत्तर येतं, नाही.

*

गिळता येत नाही म्हणून सासऱ्याच्या गोळ्या सून चमच्यात कुटून, गुळाच्या पाण्यात कालवून देते. बऱ्याच घरांत हे चालतं. बीपीच्या काही गोळ्यांना ते ठीक, सगळ्यांना नाही. फिनास्टेराइडची अख्खी गोळी हाताळायला हरकत नाही, वर लेप असतो. कुटलेली किंवा तोडलेली गोळी मात्र दिवस गेलेल्या बाईनं हातात घेऊ नये. पोटात मुलगा असेल तर त्याला घडायला डीएचटी लागतं, ते सालिनासच्या पोरांत दिसलंच. दिवस गेलेले कळायलाच महिना-दीड महिना जातो, म्हणून घरात मूल होण्याच्या वयाची बाई असेल तर कुटायचं काम दुसऱ्याकडं द्यावं. ड्युटास्टेराइडच्या कॅप्सूलमधलं तेल कातडीतून आत जातं, ती फोडायचीच नाही.

याच कारणानं ही औषधं घेणाऱ्यानं रक्त देऊ नये. कुणास ठाऊक ते रक्त कुठल्या गरोदर बाईला चढेल. फिनास्टेराइड बंद करून साधारण महिना, ड्युटास्टेराइड बंद करून सहा महिने थांबावं लागतं. रक्तदानाच्या फॉर्मवर औषधांचा रकाना असतो. तो भरताना पट्टी सोबत असावी, नाव असलेल्या बाजूची.